डिचोली बाजारातलं फॉर्म भरून देणारं दुकान: ईएसआयचा (कर्मचारी राज्य विम्याचा) बेकारीचा क्लेम नाकारला असेल तर आधी इथे जा

गोव्यातल्या डिचोली बाजारात झेरॉक्स, पॅनकार्ड, आधार अपडेट, गृह आधारचे (गोवा सरकारच्या गृहिणींसाठीच्या मदत योजनेचे) फॉर्म असलं सगळं करणारं एक छोटं दुकान आहे, एक बाई चालवते, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर एक बाकडं. बाजारातले सगळे तिला बाय म्हणतात, मीपण तेच लिहितो. या दुकानाला पाचपैकी पाच देतोय, आणि का ते नीट सांगतो कारण आमच्या पट्ट्यातली कितीतरी पोरं कुंडई, वेर्णे, पिळर्ण, होंडा इथल्या फॅक्टऱ्यांमध्ये कंत्राटावर आहेत आणि उद्या काम गेलं तर काय हक्काचं आहे हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

मी पॅकिंगला होतो, कंत्राटदारामार्फत. २०२३ च्या मे अखेरीला कंत्राट संपलं, नव्या कंत्राटदाराने आपली माणसं आणली, आम्ही साखळी-डिचोली-सत्तरीकडचे बरेच जण घरी. पगारातून दर महिन्याला ईएसआय कापलं जायचं. आपल्याकडून ०.७५ टक्के, मालकाकडून ३.२५ टक्के, २०१९ च्या जुलैपासून हाच दर आहे, आणि महिना २१ हजारापर्यंत पगार असेल तर हे लागू. बहुतेकांना वाटतं ते पैसे फक्त डॉक्टर-औषधाचे. तसं नाही. २०१८ च्या जुलैपासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, काम गेलं तर जास्तीत जास्त ९० दिवसांपर्यंत रोजच्या सरासरी कमाईचा ठरावीक हिस्सा थेट खात्यात येतो. सुरुवातीला तो हिस्सा २५ टक्के होता, २०२० मध्ये लॉकडाऊनच्या वर्षी ५० टक्के केला आणि नंतर मुदत वाढवत नेली. आधी ९० दिवस बेकार राहिल्यावर क्लेम करता यायचा, आता ३० दिवसांनी करता येतो, आणि मालकाची सही लागत नाही, आपण स्वतः टाकायचा.

तर आमच्यातल्या बऱ्याच जणांचे क्लेम कंत्राटदाराच्या ऑफिसातल्या माणसाने भरून दिले. तुम्ही कशाला त्रास घेता म्हणाला, ओटीपी घेतला, दहा मिनिटांत मोकळा. काही आठवड्यांनी उत्तर आलं, पात्र नाही. कारण एका ओळीचं, काँट्रिब्युशन (म्हणजे ईएसआयचा भरणा) अपुरं. ईएसआयच्या शाखेत काउंटरवर विचारलं तर सांगतात सिस्टीम दाखवते ते आम्ही बघतो, तुमच्या मालकाला विचारा. कंत्राटदाराला फोन केला तर म्हणतो आम्ही सगळं भरलंय, ऑफिसला विचारा. हे चक्र ज्याने अनुभवलंय त्यालाच त्यातला मनस्ताप कळेल, घरात मुलांची शाळा नुकती सुरू झालेली, वह्या-पुस्तकं-रेनकोट, आणि आपण एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर.

मग शेजारच्या काकांनी या दुकानात पाठवलं. आणि इथे पहिला फरक दिसला. मी म्हटलं क्लेम परत भरायचाय, तर बाय म्हणाली, "दादा, क्लेम नंतर. आधी तुमची हिस्टरी बघू." ईएसआयच्या पोर्टलवर विमा नंबर घातला, ओटीपी आला, आणि तिने काँट्रिब्युशनचा तक्ता उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. महिना, किती दिवस काम, किती पगार, किती भरणा. मग म्हणाली पगाराच्या स्लिपा आहेत का. माझ्याकडे व्हॉट्सअॅपवर आलेल्या होत्या, तिने त्या छापल्या आणि एका कोऱ्या कागदावर पेनने रेघा मारून चार रकाने केले, स्लिपवर दिवस, पोर्टलवर दिवस, स्लिपवर पगार, पोर्टलवर पगार. सगळे महिने एकाखाली एक. ऑक्टोबर ते मार्च प्रत्येक महिन्यात स्लिपवर जेवढे दिवस, पोर्टल म्हणतं त्याच्या अर्ध्याहून कमी. पगाराच्या रकान्यात तर जवळजवळ प्रत्येक महिन्यात फरक, कारण ओव्हरटाइम दाखवलाच नव्हता. आणि शेवटच्या महिन्यासमोर कारण काय, तर 'लेफ्ट सर्व्हिस', म्हणजे मी आपणहून नोकरी सोडली.

हे नीट समजून घ्या, कारण सगळा घोळ इथेच असतो. मालक दर महिन्याचा भरणा टाकतो तेव्हा ज्या कामगाराचे दिवस शून्य आहेत त्याच्यासमोर एक कारण निवडावं लागतं. त्या यादीत रजा आहे, नोकरी सोडली आहे, निवृत्त आहे, संप-टाळेबंदी आहे, रिट्रेंचमेंट म्हणजे कामावरून कमी केलं हेही आहे, काम नाही असंही आहे. बसलेला क्लार्क जे पटकन सापडेल ते निवडतो. त्याला एक क्लिक, पण योजनेत गैरवर्तनामुळे काढलेलं नसावं, निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती नसावी अशी अट असते, त्यामुळे नोकरी कशी गेली यावर शंका आली की क्लेम अडकतो.

आणि दिवसांचं म्हणाल तर, ईएसआयची वर्षात दोन सत्रं असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेकार होण्याआधी दोन वर्षं तरी विम्याखाली नोकरी असायला हवी, बेकार होण्याच्या लगेच आधीच्या सत्रात निदान ७८ दिवसांचा भरणा हवा, आणि त्याच्या आधीच्या तीन सत्रांपैकी कुठल्यातरी एकात ७८. माझं ऑक्टोबर ते मार्चचं सत्र कंत्राटदाराने कमी दिवस दाखवल्यामुळे ७८ च्या खाली आलं होतं. मी प्रत्यक्षात सहाही महिने कामावर होतो, दिवाळीचे दिवस सोडले तर एक खाडा नाही. पगारातून कापलेले पैसे मात्र पूर्ण दिवसांचे.

बायने आणखी एक गोष्ट दाखवली जी मला वाटतं प्रत्येकाने पाठ करावी. रक्कम कशी काढतात, तर आधीच्या चार सत्रांतली म्हणजे दोन वर्षांची पोर्टलवरची एकूण कमाई भागिले ७३०. महिना १५ हजार धरले तर दोन वर्षांचे ३ लाख ६० हजार, भागिले ७३० म्हणजे रोजचे सुमारे ४९३, त्याचे निम्मे २४६, ९० दिवसांचे २२ हजाराच्या आसपास. आता मालकाने तेच ११ हजार दाखवले असतील तर हिशोब येतो १६ हजारावर. म्हणजे क्लेम पास झाला तरी सहा हजार गेले आणि तुम्हाला कळणारही नाही! शिवाय हा फायदा आयुष्यात एकदाच, एकूण ९० दिवस. त्यामुळे ती म्हणते पैसे आले ना, आता कशाला बघायचं, असं करू नका, कितीवर हिशोब धरलाय तेही बघा. ओव्हरटाइम २१ हजाराची मर्यादा बघताना धरत नाहीत पण भरणा करताना धरावाच लागतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग तिने पत्र तयार केलं. साधं मराठीत, दीड पान, कुठे रडगाणं नाही. कोणत्या महिन्यात किती दिवसांचा फरक, सोबत तो तक्ता, स्लिपा, बँक पासबुकाची पानं जिथे पगार जमा झालेला दिसतो. पत्र कंत्राटदाराला, प्रत शाखेला, आणि एक प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. मी विचारलं कंपनीला कशाला, आम्ही त्यांच्या रोलवर नव्हतो. तर म्हणाली (तेव्हा लागू असलेल्या) १९४८ च्या ईएसआय कायद्यात कंत्राटी कामगाराचाही भरणा आधी मूळ मालकाची जबाबदारी असते, कंत्राटदाराकडून तो नंतर वसूल करतो. आणि मालकाने भरणा न केल्यामुळे कामगाराचा फायदा बुडत असेल तर ईएसआय महामंडळ कामगाराला फायदा देऊन मालकाकडून वसूल करू शकतं, तीही तरतूद त्यात आहे. हे वाक्य तिने पत्राच्या शेवटी घातलं. माझ्या मते सगळं हललं ते त्या वाक्याने. कंत्राटदार आमचा फोन उचलत नव्हता, एचआरचा उचलला. पुरवणी भरणा झाला, दिवस बरोबर झाले, कामावरून कमी केल्याचं पत्र मिळालं.

प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घेऊन या म्हणून तिने बजावलं होतं. काउंटरवर नुसतं ठेवून यायचं नाही, शिक्का, तारीख, सही. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. आणि तोंडी 'रिजेक्ट झालंय' हे उत्तर घ्यायचंच नाही, लेखी कारण मागायचं. तिच्याकडे अपीलाचा अख्खा रस्ता डोक्यात आहे. शाखेत लेखी अर्ज, मग पणजीला पाटोवरचं प्रादेशिक कार्यालय, सोबत केंद्राच्या सीपीग्राम्स पोर्टलवर तक्रार, तिथलं उत्तर पटलं नाही तर तिथेच ३० दिवसांत अपील, कागद दाखवत नसतील तर १० रुपये भरून माहिती अधिकाराचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अगदीच नाही जमलं तर कामगार विमा न्यायालय, पण तिथे वकील बघा, ते माझं काम नाही असं स्पष्ट सांगते. मला तिचा हा स्पष्टपणा फार आवडला. जे येत नाही त्याचे पैसे घेत नाही.

माझा क्लेम दुसऱ्यांदा टाकला तेव्हा फॉर्म भरायला तिला फारसा वेळ लागलाच नाही, कारण सगळी मेहनत आधी झाली होती. आधारवरचं नाव आणि विम्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का, बँक खातं जोडलेलं आहे का, एवढं बघितलं आणि पाठवलं. आता स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र लागत नाही, कागद स्कॅन करून चढवता येतात, तरी काही एजंट अजून त्याचे पैसे लावतात, सावध राहा. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आधी पैसे जमा झाले. माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान त्याच पैशातून आणलं आणि मुलीची राहिलेली फी भरली.

माझ्याबरोबरच्या एकाचं प्रकरण वेगळं होतं, त्याच्या नावावर दोन विमा नंबर निघाले, जुन्या कंत्राटदाराचा एक, नव्याचा एक, त्यामुळे हिस्टरी दोन तुकड्यांत, आणि कुठल्याच तुकड्यात दोन वर्षं पुरी नाहीत. बायने दोन्ही नंबर एक करून मागण्याचा अर्ज करून दिला. त्याचं काम अजून चालू आहे, तो वैतागलाय, पण निदान अडलंय कुठे ते त्याला माहीत आहे. दुसऱ्या एकाची अख्खी फॅक्टरीच बंद पडलेली, त्याला तिने सांगितलं तू या योजनेत घाई करू नको, राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना बघ, २००५ पासून आहे, कारखाना बंद पडला किंवा रिट्रेंचमेंट झाली तर २४ महिन्यांपर्यंत भत्ता, पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के. ९० दिवस कुठे आणि दोन वर्षं कुठे. हे त्याला आजवर एकानेही सांगितलं नव्हतं, आणि मला याचा खरंच राग येतो, कारण पगारातून पैसे कापताना कोणी विसरत नाही.

पैशाचं सांगतो. माझ्याकडून तिने पत्र, तक्ता, स्कॅनिंग, क्लेम सगळ्याचे मिळून तीनशे रुपये घेतले, छपाई वेगळी. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागत नाही. आमच्यातल्या एकाकडे बाहेरच्या एका एजंटाने चौथा हिस्सा मागितला होता. ओटीपी ती स्वतः विचारत नाही, तुमच्या हाताने टाइप करायला लावते, आणि काम झाल्यावर तुमच्यासमोर लॉगआऊट करते.

कमी काय ते पण लिहायला हवं. गर्दी खूप, गृह आधारच्या हयातीच्या दाखल्यांचे दिवस असले की तुमचा नंबर लागायला अर्धा दिवस जातो. पावसात वीज गेली की सगळं ठप्प, इन्व्हर्टर फक्त एका कॉम्प्युटरला. फोनवर काही सांगत नाही, कागद घेऊन या म्हणते. सुरुवातीला बोलणं थोडं तुटक वाटतं, एका माणसाला माझ्यासमोर तिने स्लिपा नाहीत म्हणून परत पाठवलं, तो रागावून गेला. पण स्लिपांशिवाय ती काय लिहिणार, अंदाजाने लिहिलं तर त्याचाच अर्ज पडणार.

जे अजून कामावर आहेत त्यांनीही एकदा जाऊन हिस्टरी छापून घ्या, दहा रुपयांचं काम आहे. मालकाने भरणा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत करायचा असतो, म्हणजे २० नंतर गेलात तर मागच्या महिन्याचं दिसायला हवं. दिसलं नाही तर तेव्हाच विचारा, तेव्हा कंत्राटदार समोर असतो, सुपरवायझर समोर असतो, काम गेल्यावर त्यातलं कोणी भेटत नाही.

जाताना आधार, पासबुक, विमा नंबर किंवा ई-पेहचान कार्ड, जमतील तेवढ्या पगार स्लिपा, कामावरून कमी केल्याचं पत्र किंवा निदान तसा मेसेज, आणि आधारला जोडलेला मोबाईल चार्ज करून न्या. भत्ता चालू असेपर्यंत घरच्यांचा औषधोपचारही चालू राहतो, मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलचे कागद असतील तर तेही दाखवा. मधेच नोकरी लागली तर ते कळवा, त्या तारखेपर्यंतचे पैसे मिळतात. दुकान दुपारी एक ते साडेतीन बंद, रविवारी उघडत नाही, सकाळी नऊच्या आधी बाकड्यावर जाऊन बसलात तर पहिल्या पाचात नंबर लागतो.