कॅलेंडरसाठी समुद्राचे फोटो मागणाऱ्यांपासून सांभाळा

१६,९३६ रुपये. ओटीपी नाही, लिंक नाही, लॉटरी तर नाहीच. स्वतःच्या बोटांनी चार वेळा यूपीआयचा पिन टाकून पाठवले, तेही फोटो विकायला निघालो म्हणून!

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका कारखान्याचं बिलिंग बघतो. सुट्टी मिळाली की कॅमेरा घेऊन गगनबावड्यावरून घाट उतरायचा आणि मालवण, देवबाग, निवती, भोगवे फिरायचं, एवढीच हौस. इन्स्टावर मेसेज आला: गोव्यातला रिसॉर्ट ग्रुप, आर्थिक वर्षाचं कॅलेंडर, बारा फोटो, फोटोला ४,०००, एकूण ४८,०००. नुसतं 'नाइस पिक' लिहिलं असतं तर उडवून लावलं असतं. पण रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढता का, पोलरायझर (लेन्सवरची चकाकी मारणारी काच) कुठला, निवतीच्या खडकांच्या सावल्या कशा उचलल्या, असं विचारत होते. इतकं बारीक घरचंसुद्धा कुणी विचारत नाही.

पहिले गेले नोंदणीचे १,१८०, म्हणजे हजार अधिक १८ टक्के जीएसटी. बिलात १८ टक्के दिसले की आमच्यासारख्याचा जीव थंड होतो. मग 'कलर करेक्शन', म्हणजे फोटोंचे रंग सुधारायचे, जीएसटीसह ४,९५६. कारणही पटण्यासारखं दिलं: अंदमानला पोवळ्याची पांढरी वाळू आणि नितळ पाणी, म्हणून तो रंग येतो. देवबागला कर्ली नदीचा गाळ समुद्रात उतरतो, तिथं फिरोजी पाणी आणायचं कुठून? मी लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) ॲक्वा आणि निळा जरासा हलवतो, धुरकटपणा घालवायला चिमूटभर डीहेझ, बस्स. त्यांनी नमुना पाठवला त्यात देवबागचं मालदीव झालं होतं आणि किनाऱ्यावरचा जांभा दगड अक्षरशः जांभळा पडला होता. पोटात ढवळलं. पण म्हटलं, गिऱ्हाइकाची आवड.

आणि मग कॅलेंडरचं ते पान आलं. ते आठवलं की अजून डोकं भणभणतं. माझा तारकर्लीचा फोटो, सूर्य पाण्याला टेकलेला, आणि खाली छापलेलं: 'तारकर्लीचा सूर्योदय'. अहो, आपल्या किनाऱ्यावर सूर्य सह्याद्रीकडून, पाठीमागून उगवतो आणि समुद्रात बुडतो! गोव्यात ऑफिस असलेल्या माणसाला हे माहीत नसेल? फाइलच्या एक्झिफमध्ये, म्हणजे फोटोसोबत साठवलेल्या माहितीत, संध्याकाळची वेळ होती, म्हणजे यांनी फाइल उघडूनसुद्धा बघितली नव्हती. बायको म्हणाली, "ह्यांनी समुद्र तरी बघितलाय का हो?" मी हसलो. डिझायनर उत्तरेकडचा असेल म्हणालो. चूक कळवली तर पाच मिनिटांत माफी आणि दुरुस्त पान हजर. त्या तत्परतेवर कुणीही भाळला असता.

माफीच्या मागोमाग कॉपीराइट नोंदणीचे ६,००० मागितले. हे मी तपासलं होतं बरं का! एका कलाकृतीची सरकारी फी ५०० आहे, बारा फोटोंचे सहा हजार. हिशोब चोख. फक्त ती नोंदणी सक्तीची नाही. १९५७ च्या कायद्यानं फोटो काढला की हक्क आपोआप काढणाऱ्याचा, आणि नोंदवायचाच तर आपण स्वतः अर्ज करतो. म्हणजे फी खरी आणि मागणारा खोटा.

शेवटी टीडीएसचे, म्हणजे पैसे देतानाच कापायच्या आयकराचे, ४,८००. टीडीएस पैसे देणारा कापतो, घेणारा आधी भरत नाही, हे मी नव्या पोरांना शिकवतो. तसं सांगितलंही. "सर, आज ३१ मार्च, पोर्टल बंद होईल, पेमेंटसोबत परत देतो." मार्चअखेर, टेबलावर फायलींचा ढीग, साहेबांच्या हाका... ज्यानं हिशोबखात्यात ३१ मार्च काढलाय त्यानंच मला बोलावं. भरले. संध्याकाळी फोन बंद.

त्यानंतर बिलावरचा जीएसटी नंबर बघितला. सुरुवात ०७, म्हणजे दिल्ली. गोव्याचा ३० असतो. जीएसटीच्या पोर्टलवर तर तो नंबर निघालाच नाही. तुम्ही हे आधी बघा, दोन मिनिटं लागतात.

आता पुढची वरात. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काय करणार? ठाण्यात म्हणे खातं परराज्यातलं, आमची हद्द नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा फौजदारी कारवाईचा नवा कायदा लागू आहे, तिच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. तसं म्हटलं तर, "बघा रे, वकील आलेत." वर "फोटोला चार हजार कोण देतंय हो?" सोळा हजारांपेक्षा ते वाक्य जास्त लागलं. बाकावर बसवून ठेवलं, मग सायबर पोलिसांकडे धाडलं. सायबरवाले म्हणतात, ठाण्याचं पत्र आणा. ठाणं म्हणतंय, पत्र कशाला लागतंय? मधल्या वेळात एका साहेबांनी विचारलं, लग्नाच्या ऑर्डरी घेता का! हसावं का रडावं?

पैसे गेल्याचं कळताच आधी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावा, पुढचं खातं रिकामं व्हायच्या आत. मी बँकेत आणि ठाण्यात खेटे घालण्यात तो वेळ घालवला. मूळ फाइल पैसे आल्याशिवाय कुणाला देऊ नका. नमुना लहान आकाराचा, नावाचा शिक्का मारलेला. पैसे मिळण्यासाठी पैसे मागितले की तिथंच ब्लॉक, मग तो पोलरायझरबद्दल कितीही गोड बोलो.

कोल्हापूर, इचलकरंजी, सांगलीकडं कुणाला असाच कॅलेंडरचा मेसेज आला असेल तर पैसे गेले असोत वा नसोत, मला कळवा. स्क्रीनशॉट आणि यूपीआयवर दिसलेलं नाव जपून ठेवा. चारपाच जण मिळून ठाण्यात जाऊ, एकट्याला बाकावर बसवतात.