छापील जर्नल घ्यावं की कोरी प्रयोगवही?

अकरावी सायन्सला ॲडमिशन झाली की वह्यांच्या दुकानात हा प्रश्न उभा राहतोच. छापील जर्नलमध्ये उद्देश, साहित्य, आकृती, सूत्र, कृती सगळं तयार असतं, रिकामे असतात ते फक्त रीडिंगचे रकाने. कोऱ्या प्रयोगवहीत उजवं पान रेघांचं, डावं आकृतीसाठी कोरं, आणि अक्षर न् अक्षर आपलं. कॉलेजनं अमुकच आणा म्हणून सांगितलं असेल तर विषयच मिटला. किमतीतला फरक एखाद्या मिसळीच्या प्लेटएवढा, त्यावर ठरवू नका.

वेळेचं बघायचं तर छापीलला तोड नाही. २०-२५ मिनिटांत प्रयोग हातावेगळा होतो. कोऱ्या वहीला तास-दीड तास जातो, आणि त्यातला निम्मा वेळ मागच्या बॅचच्या कुणाच्या तरी वहीतून 'कृती' उतरवण्यात. ही नुसती हमाली. त्यामुळे कोरी वही म्हणजे आपोआप चांगली सवय, असं मी तरी म्हणणार नाही. उतरवायचंच असेल तर छापील परवडली.

खरी गोची रीडिंगपाशी आहे. माझ्याकडे शिकवणीला येणारं नववीतलं एक पोरगं पाण्याचा उत्कलनबिंदू काढत होतं. पाणी खळखळ उकळतंय, पण पारा ९८ वर थांबला तो थांबलाच. दोन मिनिटं वाट बघून म्हणतं, "सर, थर्मामीटर बाद हाय. वहीत शंभर छापलंय की!" आणि रकान्यात १०० लिहून मोकळं. थर्मामीटर ठणठणीत होता. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच, हवेचा दाब तेवढा कमी, म्हणून इथं पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. १०० हा समुद्रसपाटीचा आकडा. छापील वही सगळ्या महाराष्ट्राला एकच. रंकाळा कुठं नि रत्नागिरी कुठं, तिला काय ठाऊक?

साध्या लंबकावरून गुरुत्वत्वरण काढायच्या प्रयोगाचंही तेच. छापील तक्त्यात '२० आंदोलनांचा वेळ' असा रकाना आयता असतो, त्यामुळे २० च का, हे कुणी विचारत नाही. १ मीटर लंबकाचं एक आंदोलन साधारण २ सेकंदांचं. स्टॉपवॉच दाबताना बोट ०.२ सेकंद तरी इकडंतिकडं होतं. एकच आंदोलन मोजलं तर वेळेत १० टक्के चूक, आणि सूत्रात वेळेचा वर्ग असल्यानं उत्तरात २० टक्के. २० मोजली की तीच ०.२ सेकंदांची चूक ४० सेकंदांवर पसरते, उत्तरात उरते १ टक्का. म्हणजे गुरुत्वत्वरण ९.७ आलं काय नि ९.९ आलं काय, रीडिंग चांगलंच आहे. पण शेजारी 'प्रमाणित किंमत ९.८' छापलेलं दिसलं की पोरं रीडिंगच तिकडं वळवतात. कोऱ्या पानावर तक्ता स्वतः आखावा लागतो, मग रकाने किती, एकक कुठलं, लीस्ट काउंट (उपकरणावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप) किती, हे ठरवावंच लागतं. व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) बहुतेक हेच खोदून विचारतात. बारावीच्या फिजिक्सला १०० पैकी ३० गुण प्रॅक्टिकलचे आहेत, हेही ध्यानात ठेवा.

आकृत्यांबाबत फार बोलण्यासारखं नाही. चित्रकला कच्ची असेल तर छापील. मात्र बायोलॉजीला सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसलं तेच काढायचं असतं, तिथं कोरीच बरी.

माझा कौल असा: अकरावीला कोरी घ्या, हाताशी वेळ असतो. बारावीला सीईटी-नीटच्या धावपळीत छापील घेतली तर काही बिघडत नाही. पण कुठलीही घेतलीत तरी प्रॅक्टिकलला एक रफ वही सोबत हवीच. रीडिंग आधी तिच्यात, तेही पेननं. चुकलं तर एकच आडवी रेघ मारा, खोडरबर दप्तरातच राहू दे. आणि छापील 'खबरदारी'खाली त्या दिवशी आपलं प्रत्यक्ष काय बिनसलं, त्याच्या दोन ओळी स्वतःच्या घाला. पंखा चालू होता, दोरा सैल होता, जे असेल ते.

त्या पोरानं शेवटी १०० वर रेघ मारली, वर ९८ लिहिलं आणि पुढं बारीक अक्षरात 'ठिकाण: कोल्हापूर'. छापील पानात त्याला जागा नव्हती, समासात कोंबावं लागलं.