बिनगाठीचा काटेरी धागा: आतड्यावर शिवून पाहिला

धाग्याबद्दलची पहिली तक्रार माझ्याआधी सिस्टरने केली. "मॅडम, हा ग्लोव्हजला धरतोय." धरणारच. अंगभर बारीक काटे कोरलेला धागा आहे, आणि सगळे काटे एकाच दिशेला. कपड्यात शिरलेलं कुसळ जसं पुढे सरकतं पण मागे येत नाही, तसंच याचं. सुईमागून सरळ ओढा, गुपचूप येतो. उलटा ओढलात की आहे तिथेच रुततो. म्हणून याला गाठ लागत नाही. सुरुवातीच्या टोकाला एक छोटं कडं असतं. पहिला टाका घेऊन सुई त्या कड्यातून काढली की सुरुवातीची गाठ झाली. शेवटी दोन टाके उलट्या दिशेने घ्यायचे आणि कापायचं.

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा जातीचे धागे बरेच जण विकतात आणि मला सांगायचं आहे ते सगळ्यांनाच लागू पडतं. नमुन्याची पाकिटं देणाऱ्या माणसाने व्हिडिओही दाखवला. त्यात आतडं स्वच्छ होतं, भरपूर होतं, कुठेही सुजलेलं नव्हतं. माझ्या टेबलावर असं आतडं क्वचित येतं. मी म्हटलं, आधी मेलेल्या आतड्यावर बघू, मग बोलू.

डुकराचं लहान आतडं आणलं, धुऊन थंड सलाइनमध्ये ठेवलं. त्याचे बारा तुकडे केले, प्रत्येक मधोमध कापून पुन्हा जोडायचा. सहा जोड काटेरी धाग्याने, सहा नेहमीच्या विणीच्या पॉलिग्लॅक्टिनने, म्हणजे आपण सगळे सरसकट व्हिक्रिल म्हणतो त्याने. दोन्ही ३-० जाडीचे, दोन्हींना गोल अंगाची सुई. आतड्याला धारदार कडांची सुई लावायचीच नसते. एकेरी थर, सलग शिवण, टाक्यांमध्ये पाचेक मिलीमीटर अंतर. निम्मे जोड मी घातले, निम्मे दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटने, म्हणजे शिकाऊ सर्जनने. फक्त माझ्या हातात चांगला वागणारा धागा घेऊन मी काय करू?

शिवताना जाणवलेला फरक मोठा आहे, आणि तो फक्त गाठीचा नाही. सलग शिवण घालताना एक माणूस नुसता धागा धरून उभा असतो. त्याने जरा ढील दिली की मागचे चार टाके सैल पडतात आणि मग शिवणारा त्याच्यावर डाफरतो. आम्ही सगळे त्या जागी उभे राहून बोलणी खाल्लेली माणसं आहोत. काटेरी धाग्याला हा माणूस लागत नाही. टाका ओढला की काटे तिथेच रुततात, हात सोडून द्या, शिवण ढिली होत नाही. दुर्बिणीतून शिवताना पोटात तिसरा हात नसतोच. तिथे ही सोय म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. घड्याळ लावलं होतं. वाचलेला वेळ जवळजवळ सगळा पहिल्या आणि शेवटच्या गाठीतला होता, मधली शिवण दोन्ही धाग्यांनी सारख्याच वेगाने झाली.

आता त्याची दुसरी बाजू. रेसिडेंटच्या दुसऱ्या जोडात एक टाका जास्त ओढला गेला. कडा आत गोळा होऊन पिशवीच्या नाडीसारखी चुण्या पडून बसली. विणीचा धागा असता तर फोर्सेपच्या टोकाने फास जरा मागे घेतला असता आणि पुढे गेलो असतो. इथे मागे घ्यायला गेलं की काटे ऊती फाडतात. मी तरी एकदा ओढून पाहिलं, टाक्याच्या भोकाची चीर झाली. शेवटी धागा कापला, अख्खी शिवण उसवली आणि नव्या कडा करून पुन्हा सुरुवात. टेबलावर ठीक आहे, तुकडा दुसरा होता. माणसाच्या पोटात दर वेळी नव्या कडा करायला आतडं कुठून आणणार? चूक दुरुस्त करू देत नाही तो धागा नवशिक्याच्या हातात द्यायचा की नाही, हा माझ्या मते या वस्तूबद्दलचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे. विकणारे नेमकं उलटं सांगतात, की गाठ मारायला न येणाऱ्यासाठी हा सोपा.

मग गळतीची परीक्षा. जोडाचं एक तोंड बांधलं, दुसऱ्यात कॅथेटर, सलाइनच्या बाटलीत मिथिलीन ब्लू, आणि बाटली स्टँडवर हळूहळू वर. बाटलीची उंची जितके सेंटीमीटर, तितका पाण्याचा दाब. यापेक्षा महागडं यंत्र लागत नाही. पहिला निळा थेंब कुठे दिसतो यावर आम्ही दोघं डोळे लावून बसलो होतो. दोन टाक्यांच्या मधून कुठेच आला नाही. आला तो सुईच्या भोकातून, नाहीतर मेसेंटरीच्या, म्हणजे आतडं धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, बाजूने, जिथे चरबीमुळे आतड्याची कड नीट दिसत नाही. सुई धाग्यापेक्षा जाड असते, त्यामुळे धागा कोणताही असो, भोक त्याला जरा मोठंच पडतं. दोन धाग्यांमध्ये बोट दाखवावं असा फरक मला दिसला नाही. चीर पडलेलं ते एक भोक मात्र सगळ्यांत आधी गळलं असतं, पैज लावते.

इथे थांबून परीक्षेचीच परीक्षा घ्यायला हवी. मेलेल्या आतड्यावर आपण मोजतो तो शून्याव्या दिवसाचा जोर. रक्तपुरवठा नाही, सूज नाही, जंतू नाहीत. खऱ्या जोडात पहिले तीन-चार दिवस टाक्यांच्या कडेचं जुनं कोलॅजन विरघळत असतं आणि नवीन पुरेसं तयार झालेलं नसतं. जोड सगळ्यात लेचापेचा असतो तो तेव्हा, आणि त्या दिवसांत सगळा भार धाग्यावर आणि धाग्याने पकडलेल्या सबम्युकोसावर, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराखालच्या थरावर. सबम्युकोसाचं हे महत्त्व अमेरिकी सर्जन हॅलस्टेडने १८८७ मध्ये कुत्र्यांच्या आतड्यांवर दाखवलं. त्याआधी १८२६ मध्ये फ्रेंच सर्जन लेंबर्टने सिरोसाला सिरोसा, म्हणजे आतड्याच्या बाहेरच्या आवरणाला आवरण, भिडवायला शिकवलं होतं. धागे बदलत गेले, हे दोन नियम अजून कुणाला हलवता आलेले नाहीत. टाक्यात सबम्युकोसा आला नसेल तर काटे असोत की नसोत, सारखंच.

म्हणून पाकिटावर मी आधी 'किती दिवस जोर टिकतो' ते बघते, 'किती दिवसांत विरघळतो' ते नंतर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि रेसिडेंट हमखास गल्लत करतात. पॉलिग्लॅक्टिनचा जोर दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के उरतो, तीन आठवड्यांनी निम्मा, चार आठवड्यांनी पाव. धागा नाहीसा व्हायला मात्र ५६ ते ७० दिवस लागतात. आतड्याला हे पुरून उरतं. मी तपासलेला काटेरी धागा विरघळायला सहा महिन्यांच्या आसपास घेणाऱ्या जातीचा होता. आतड्याला इतका वेळ धागा नको असतो. त्याने बिघडतं असं नाही, पण 'जास्त टिकतो' ही जाहिरात मला इथे लागू वाटत नाही. पित्त किंवा स्वादुपिंडाचा रस लागणाऱ्या जोडाची गोष्ट वेगळी. तिथे अल्कलीमुळे पॉलिग्लॅक्टिन लवकर कमजोर पडतो, मी पीडीएस हा हळू विरघळणारा धागाच घेते.

काटेरी धागा विणीचा नाही, एकाच तंतूचा, एकसंध आहे. त्याचा एक फायदा मान्य करायलाच हवा. गंमत म्हणून कपाटातला रेशमाचा धागा आणि हा, दोघांची टोकं निळ्या पाण्यात बुडवून लटकवली. रेशमात निळा रंग दिव्याच्या वातीसारखा वर चढत गेला. काटेरी धागा पाण्याच्या रेषेवर कोरडा. रंगाच्या जागी जंतू आहेत असं समजा. आमच्या सरांच्या पिढीने आतून कॅटगट, म्हणजे जनावरांच्या आतड्यापासून केलेला धागा, आणि बाहेरून रेशीम असे दोन थर घालून हजारो आतडी जोडली. कॅटगटच्या पाकिटातल्या स्पिरिटचा तो वास अजून नाकात आहे, पण ते दिवस परत यावेत असं मला अजिबात वाटत नाही.

शेवटची परीक्षा ठरवून केलेली नव्हती. शिवलेला तुकडा ट्रेमध्ये इतर तुकड्यांसोबत पडला होता. उचलायला गेले तर शेजारचं आतडंही लोंबत वर आलं. कापताना धाग्याची बोटाच्या पेराएवढी शेपटी सोडली होती आणि तिचे काटे शेजाऱ्यात रुतले होते. पोटात मोकळ्या राहिलेल्या अशा शेपटीला लहान आतडं अडकून ते बंद पडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. वाचलेलं होतं, पण स्वतःच्या हातात लोंबताना पाहिल्यावर रेसिडेंटला वेगळं समजावावं लागलं नाही. शेपटी आतड्याच्या पृष्ठभागाशी सपाट कापायची, पुन्हा बघायची, आणि आणखी कापायची.

माझा हिशेब असा. दुर्बिणीतून स्टेपलरने जोड केल्यावर उरलेलं भोक पोटातच शिवायचं असेल तर हा धागा मी मागून घेईन. पोट उघडून, हाताने, टोकाला टोक जोडताना नाही. तिथे गाठ मारायला माझी दहा बोटं रिकामी आहेत आणि चुकलेला टाका मागे घेता येतो. उरलेली पाकिटं दुर्बिणीच्या ट्रॉलीत ठेवायला सांगितली. सिस्टरने वर पट्टी चिकटवली आहे: "शेपटी कापा."