टर्फचा निचरा : वरचा गालिचा धुऊन भागत नाही

पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या फुटबॉल टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताचा गालिचा अंथरलेल्या मैदानावर, जुलैत गोलपोस्टसमोर तळं व्हायचं. पाऊस थांबून दोन तास झाले तरी पाय टाकला की पचपच. निचरा सुधारायचं काम ज्या एजन्सीने केलं, तिला निदानाचे पूर्ण गुण. शेवटच्या टप्प्यात मात्र घाई नडली.

आल्याआल्या गालिच्याला भोकं पाडत सुटले नाहीत, हे मुख्य. आधी जागा भिजवली, मग ३०० मिमी व्यासाची रिंग कडेने पुट्टी लावून बसवली आणि पाणी किती वेगाने उतरतं ते मोजलं. फिफाचा किमान निकष ताशी १८० मिमी. मग शिवण उसवून तीच चाचणी खालच्या थरावर. वर अडतं आणि खाली मुरतं, तर दोष गवताच्या पात्यांमध्ये भरलेल्या रबर-वाळूत बसलेल्या धुळीचा. पॉवर ब्रश फिरवून भागतं. इथे खालीच अडत होतं. खडीच्या नावाखाली क्रशर डस्ट (दगडाची भुकटी) रोलरने दाबलेली, म्हणजे गालिच्याखाली जवळजवळ कोबाच! त्याखालची काळी माती भिजली की फुगते, वाळली की आकसते, त्यामुळे मधे बशी झालेली.

दुरुस्ती अशी : दर सहा मीटरला ३०० मिमी रुंद, ४५० मिमी खोल चर, उतार २०० ला १. चरात जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड), त्यात ११० मिमीचा छिद्रांचा पाइप, भोवती २० मिमीची धुतलेली खडी. पाइपला वेगळा कापडी मोजा चढवला नाही ते बरंच केलं, काळ्या मातीचा गाळ आधी त्यालाच लिंपतो. डस्ट काढून ६ ते १० मिमीची चिप्स, म्हणजे बारीक खडी, पसरली आणि तीन मीटरची पट्टी फिरवून पाहिली. पट्टीखाली १० मिमीहून जास्त फट राहिली की तिथे पुन्हा डबकं ठरलेलं.

आता तक्रारी. शिवणी जोडताना खालचा थर ओलाच होता. पॉलियुरेथेनचा गोंद ओलीत फेसाळतो, पकड धरत नाही. पेनल्टी बॉक्सजवळ बोटभर कड उचलली गेलीय. हे काम उघडीप बघूनच करायचं असतं, शक्यतो दिवाळीनंतर. दुसरं म्हणजे पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडलं, पण गटार तुंबल्यावर ते उलटं मैदानात येईल याचा विचारच नाही. फ्लॅप व्हॉल्व्ह (पाणी बाहेर सोडणारं, पण आत न येऊ देणारं झाकण) मागून बसवून घ्यावा लागला. शेवटच्या चेंबरला जाळी नव्हती. झाकण उघडलं तर तळाशी रबराचे काळे दाणे.

असं काम देताना कोटेशनमध्ये नुसतं ‘खडी’ चालवून घेऊ नका, ‘धुतलेली’ लिहून घ्या. गाडी रिकामी होण्याआधी दोन मुठी बादलीत खळबळून बघा. पाणी गढूळ झालं तर गाडी परत.