‘कोअर’चं मोफत अर्थशास्त्र: कोकणातल्या बीएच्या वर्गात किती चालेल?

2008 च्या मंदीनंतर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीच विचारायला सुरुवात केली की बाहेर जे कोसळलं त्यातलं आमच्या अभ्यासक्रमात काहीच कसं नाही? त्या वातावरणात अर्थशास्त्राचा अभ्यासक्रम नव्याने मांडणारा ‘कोअर इकॉन’ प्रकल्प उभा राहिला. वेंडी कार्लिन, सॅम्युएल बोल्स या अर्थशास्त्रज्ञांचं आणि सहकाऱ्यांचं ‘द इकॉनॉमी’ हे पाठ्यपुस्तक 2017 पासून वेबसाइटवर मोफत आहे. पुढे 2.0 आवृत्तीही आली, पण इथे विचार केलाय तो 22 युनिटांच्या पहिल्या आवृत्तीचा.

याची मांडणी नेहमीच्या पुस्तकाच्या उलटी आहे. आपल्याकडे एफवायला आधी व्याख्या, मग मागणीचा नियम, मग अपवाद असा क्रम असतो, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री गाईड. इथे आधी प्रश्न येतो, त्याला लागेल तेवढंच मॉडेल येतं आणि लगेच आकडे. पदवीच्या शिक्षणाने हेच द्यायला हवं.

सर्वांत कसदार पाचवं युनिट. अँजेला जमीन कसते, ब्रुनो पिकात वाटा मागतो. आधी बंदुकीच्या जोरावर, मग कायद्याने झालेल्या करारातून आणि शेवटी अँजेलाला मताचा अधिकार मिळाल्यावर. प्रत्येक टप्प्यावर वाटणी बदलते. रत्नागिरी-रायगडच्या वर्गात ब्रुनोच्या जागी खोत, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा जमीनदार, बसवला की युनिटातली आकृती पटकन उलगडते. कुळाला मुंबईच्या गिरणीत काम मिळण्याची शक्यता असेल, तर खोताला त्याला किमान तेवढं तरी सोडावं लागतं. चाकरमानी होणं हा कुळाचा बाहेरचा पर्याय. 1933 ते 1939 चा अलिबागजवळच्या चरी गावातला शेतकऱ्यांचा संप म्हणजे कुळांनी एकत्र येऊन केलेली घासाघीस. आणि 1948 चा कुळकायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा म्हणजे खेळाचे नियमच बदलणं. पुस्तकात पश्चिम बंगालच्या ऑपरेशन बर्गाचं, म्हणजे बटाईने जमीन कसणाऱ्यांचे हक्क नोंदवण्याच्या मोहिमेचं, उदाहरण आहे, ते शिकवावंच. पण घरातला सातबारा ज्यांनी पाहिलाय त्यांना खोतीचं जास्त लवकर कळेल.

सोबतचा ‘डूइंग इकॉनॉमिक्स’ हा आकड्यांवरच्या प्रकल्पांचा भागही मोफत आहे. त्यातला सार्वजनिक निधीचा खेळ वर्गात काजूच्या बियांवर खेळता येतो. चौघांचा गट, प्रत्येकाला 20 बिया. सामाईक पेटीत टाकलेल्या प्रत्येक बीमागे चौघांनाही प्रत्येकी 0.4 मिळतात; न टाकलेल्या बिया ज्याच्या त्याच्याकडे राहतात. सगळ्यांनी सगळं टाकलं तर प्रत्येकी 32. एकाने काहीच टाकलं नाही तर त्याला 44 आणि बाकीच्यांना 24. खेळ बिघडतो तो दोन कारणांनी: किती टाकलं ते मोठ्याने सांगितलं जातं आणि एकच फेरी होते. चिठ्ठ्या बंद ठेवा आणि 10 फेऱ्या घ्या, म्हणजे योगदान कसं घसरत जातं ते दिसेल. समुद्रातले मासेही असेच सामाईक. म्हणून त्यानंतर 1 जून ते 31 जुलैच्या मासेमारीबंदीवर किंवा एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर चर्चा लावली, तर ती नुसत्या संतापावर संपत नाही.

पुस्तक उघडं पडतं ते स्थानिक आकड्यांच्या बाबतीत. ती भर शिक्षकाने घालायची. अॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी वेबसाइटवरून मार्च ते मे आंब्याची आवक आणि भाव उतरवून घ्या. तारखा एक्सेलमध्ये मजकूर म्हणून येतात किंवा दिवस-महिना उलटतात, म्हणून आधी त्या दुरुस्त करा. बाजार बंद असलेल्या दिवशी शून्य भरू नका, जागा रिकामी ठेवा. हापूस इतर आंब्यांपासून वेगळा काढा. आठवड्याची सरासरी काढताना ज्या दिवशी आवक जास्त, त्या दिवसाच्या भावाला जास्त वजन द्या. भाव क्विंटलचा असतो, बागायतदार बोलतो पेटी-डझनात; फळ 250 ग्रॅमचं धरलं तर डझन 3 किलोचा आणि क्विंटलमध्ये साधारण 33 डझन.

आता आवक आणि भाव यांचा आलेख काढला की निम्मा वर्ग खाली उतरणाऱ्या ठिपक्यांना मागणी वक्र म्हणणार. तसं नाही. हंगाम सरकतो तसा पुरवठा बदलतोच, पण अक्षय्य तृतीयेला मागणीही सरकते. आलेखात दोन्ही मिसळलेलं असतं. हा एक तास नीट झाला तर पुढे इकॉनोमेट्रिक्स (आकड्यांतून आर्थिक संबंध वेगळे काढण्याचं शास्त्र) का लागतं ते वेगळं सांगावं लागत नाही. (पीएलएफएस या सरकारी रोजगार-पाहणीचे आकडेही मोफत मिळतात. मात्र प्रत्येक नोंदीसोबत दिलेला भारांक न लावता टक्केवारी काढू नये, आणि एकट्या सिंधुदुर्गचा नमुना लहान असल्याने त्यावर मोठे निष्कर्ष तर नकोतच.)

उणिवा आहेत. मुख्य मजकूर इंग्रजीत, वाक्यं लांब. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना पहिली दोन युनिटं शिक्षकाने मराठीत सांगितल्याशिवाय देऊ नयेत. चलनविषयक धोरण शिकवताना रिझर्व्ह बँकेचं 4 टक्क्यांचं, वर-खाली 2 टक्के सूट असलेलं महागाईचं लक्ष्य वेगळं घ्यावं लागेल. गणित ‘लायब्नित्झ’ नावाच्या पुरवण्यांत बाजूला ठेवलंय. एफवायला ते सोयीचं, पण एमएला जायचं असेल तर त्या वगळून चालत नाही, आणि तेवढ्याही पुरत नाहीत. कलन, रेषीय बीजगणित आणि रिग्रेशनसाठी एसवायपासून दुसरं पुस्तक लागेलच.

प्रकल्प एक्सेल, आर किंवा गुगल शीट्समध्ये करता येतात. कॉलेजच्या लॅबमध्ये इंटरनेट भरवशाचं नसेल तर एक्सेलपासून सुरुवात करा आणि डेटाच्या फाइल्स आदल्या दिवशीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.