ऐरोलीची खाडी सफर : मराठवाड्यातून जाणाऱ्यांसाठी

नाथसागराच्या, म्हणजे जायकवाडी जलाशयाच्या काठी रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहिलेल्या माणसाला ठाणे खाडीत वेगळे काय दिसणार, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. वन विभागाच्या ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला भेट दिल्यावर माझे उत्तर असे की, तेथे रोहितांआधी चिखल पाहावा. जायकवाडीचे पाणी उन्हाळ्यात महिन्यामहिन्याने ओसरते, खाडीचे दिवसातून दोनदा ओसरते आणि तेथील सारे जीवन याच चढउताराला बांधलेले आहे.

खारफुटीतून जाणाऱ्या पायवाटेवर ओहोटीच्या वेळी निवांत उभे राहावे. चिखलात प्राणवायू नसल्याने तिवर या खारफुटीच्या झाडाची मुळे पेन्सिलीसारखी वर येऊन हवेत श्वास घेतात, आणि त्याच्या पानावर बाहेर टाकलेल्या मिठाचे बारीक कण दिसतात. मुळांमधून निवटी ही चिखलातली मासळी कल्ल्यांत पाणी साठवून परांच्या आधाराने चक्क चालत येते. डोक्यावर उंच बसवलेले तिचे डोळे प्रथम दिसतात, मासा नंतर उमगतो. जवळच एकच नांगी अवाढव्य असलेला नर खेकडा ती हलवून मादीला खुणावत असतो. हे पाहायला तासभरही अपुरा पडतो.

बोट मात्र पुरेसे पाणी असतानाच सुटते, आणि भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. मुंबई दर्शनात हे ठिकाण कोंबणाऱ्या एका सहल कंपनीने आम्हाला पाणी उतरल्यावर तेथे नेले आणि वयस्कर मंडळींना बोटीविना परतावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. पुढच्या वेळी भरतीची वेळ विचारून नोंदणी केली, देवगिरी एक्स्प्रेसने ठाण्याला उतरून लोकलने ऐरोली गाठले आणि सफर उत्तम झाली. नाथसागरावर दिसतो तो बहुधा मोठा रोहित. येथे निळ्या-हिरव्या शेवाळावर जगणाऱ्या लहान रोहितांचे थवेच्या थवे असतात.

हे क्षेत्र 2015 मध्ये अभयारण्य झाले आणि 2022 मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आले, तरीही शहराचे प्लास्टिक तिवरांच्या मुळांत अडकलेले दिसते, हे फार खुपते. तिवरांत कोल्हेही राहतात, पण दिवसा ते दिसतील अशी अपेक्षा ठेवू नये. हिवाळ्याच्या उत्तरार्धापासून मेपर्यंत जावे, दुर्बीण न्यावी आणि थवा उडावा म्हणून बोटीत ओरडणाऱ्या सहप्रवाशाला तेथेच थांबवावे.