रँग्लर की डिफेंडर, पोरंटोरं घेऊन कॅम्पिंगला कुठली?

नुसतं दगडधोंड्यात घुसायचं असेल तर जीप रँग्लरला तोड नाही, पुढेमागे सॉलिड अ‍ॅक्सल (डावं-उजवं चाक एकाच दांड्यावर), लो रेंज (हळू पण जोरात ओढणारे गिअर), दारं-छप्परसुद्धा काढता येतं, पण हायवेला लागलं की वाऱ्याचा घोंघाट आणि स्टेअरिंग सारखं सावरत बसायचं, मागे पोरं झोपणार कशी? लँड रोव्हरची डिफेंडर 110 मोनोकॉक (बॉडी आणि सांगाडा एकसंध), चारही चाकांना इंडिपेंडंट सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वरखाली होतं), त्यामुळे लांबच्या पल्ल्याला अंग आंबत नाही. एअर सस्पेन्शनवाली (हवेच्या दाबावर गाडी उंच होते) 900 मिमी खोल पाण्यातून जाते, तिसरी रांगही मिळते, फक्त ती उघडली की तंबू, स्टोव्ह, कूलर ठेवायला जागाच उरत नाही, मग चढवा सगळं टपावर (आणि उतरवा रात्री अंधारात!). साधेपणात रँग्लर सरस, मान्य. तरी घरच्यांसोबत मी डिफेंडरच घेईन.